रूप पालटावे, पण कोणी आणि केव्हा?

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. काल्पनिक जगातल्या भूमिकाखेळांत प्राण्याचे किंवा दुसऱ्या कोणाचे रूप घेणारा जादूगार निवडावा की नाही, असे त्यांत विचारले आहे. त्यांपैकी चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी कर्वेनगरला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. पुढच्या आठवड्यापासून नवी मोहीम सुरू होत आहे. आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, ती पेशवेकालीन पुण्यासारख्या एका शहरात बेतली आहे. तिथे वाडे आहेत, दरबारी माणसे आहेत आणि कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणणारा जमिनीखालचा नळही आहे. मला असा विझार्ड (जादूगार) घ्यायचा आहे, जो प्रसंगी अस्वल होईल, घार होईल, मासा होऊन नळातून आत शिरेल. मित्र म्हणतात की रूपच पालटायचे तर ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) घे, विझार्ड कशाला वाया घालवतोस. आम्ही २०१४ सालचे नियम वापरतो आणि आमची मोहीम सातव्या-आठव्या लेव्हलच्या पुढे सहसा जात नाही. काय करावे? — एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, पण त्यांचे कारण मला अपुरे वाटते. रूप पालटणाऱ्या पात्राची किंमत करताना बहुतेक खेळाडू नव्या रूपाचे दात आणि नखे मोजतात. ते रूप घेताना हातातून काय सुटते, हे आधी मोजले पाहिजे; कारण जादूगाराचे खरे बळ त्याच्या मंत्रांत असते आणि जवळजवळ प्रत्येक खेळात रूपांतराची किंमत म्हणून नेमके तेच काढून घेतले जाते.

तुमच्या नियमांत विझार्डला ‘पॉलिमॉर्फ’ हा मंत्र मिळतो तो सातव्या लेव्हलला. म्हणजे तुमची मोहीम जिथे संपत येते, तिथे तुमच्या पात्राची हौस पुरवायला सुरुवात होणार. रूपांतरविद्येचा खास अभ्यास करणारा, म्हणजे ट्रान्सम्युटेशन शाखेचा विझार्ड घेतलात तरी हे चुकत नाही. त्या शाखेला स्वतःवर फुकट पॉलिमॉर्फ करण्याची सवलत मिळते ती दहाव्या लेव्हलला, आणि तीही फक्त १ पर्यंत चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) असलेल्या प्राण्यांपुरती. दहाव्या लेव्हलच्या लढाईत त्या मापाचा प्राणी पहिल्या फेरीतच आडवा होतो, त्यामुळे ती सवलत टेहळणीसाठी आहे, झुंजीसाठी नाही, असेच समजावे.

बरे, सातवी लेव्हल गाठली असे धरले तरी हा मंत्र स्वतःवर वापरणे हा त्याचा सर्वांत कच्चा उपयोग आहे. पॉलिमॉर्फ टिकतो तो जास्तीत जास्त एक तास, आणि तेवढा वेळ मंत्र म्हणणाऱ्याचे लक्ष त्यावर खिळलेले असावे लागते. मार बसला की लक्ष टिकते का, हे फासा टाकून पाहायचे असते आणि त्यासाठी गाठायचा आकडा १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, यांपैकी जो मोठा असेल तो असतो. तुम्ही स्वतः १५७ हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार सोसणारा, प्रचंड वानर झालात, तर सगळे शत्रू तुमच्यावरच तुटून पडतील. चाळीसचा एक फटका बसला की वीसचा आकडा हवा, आणि तो हुकला की वानर जाऊन भर गराड्यात झग्यातला विझार्ड उभा. उलट तोच मंत्र तुमच्या मंडळातल्या जखमी योद्ध्यावर टाकलात, तर वानर पुढे लढतो आणि तुम्ही मागे खांबाआड उभे राहून लक्ष सांभाळता. वानर पडला तरी योद्धा आपल्या मूळच्या हिट पॉइंटांसह परत येतो; उरलासुरला मार तेवढा त्याला लागतो. सातव्या लेव्हलच्या योद्ध्याला अंगावर दीडशेहून अधिक हिट पॉइंट चढवून देणारा दुसरा मंत्र त्या टप्प्यावर विझार्डच्या पोतडीत नाही. म्हणून मी म्हणेन की पॉलिमॉर्फ अवश्य शिका, पण वानर दुसऱ्याला होऊ द्या. एक सावधगिरी मात्र हवी : या मंत्रात मनाची मूल्येही प्राण्याचीच होतात, त्यामुळे वानर झालेल्या योद्ध्याने पाच कलमी डावपेच लढवले, तर तुमच्या डीएमला ते मान्य होण्याचे कारण नाही.

आता ड्रुइड. त्याला दुसऱ्या लेव्हलपासून दर विश्रांतीमागे दोनदा रूप घेता येते, बुद्धी आणि स्वभाव त्याचाच राहतो, आणि आधी म्हटलेल्या मंत्रावरचे त्याचे लक्षही रूप घेतल्याने सुटत नाही. नवा मंत्र मात्र प्राण्याच्या तोंडून म्हणता येत नाही. ‘सर्कल ऑफ द मून’ या शाखेचा ड्रुइड तर दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल होतो. त्या अस्वलाचे हिट पॉइंट ३४. दोन रूपांचे मिळून ६८ आणि स्वतःचे सतराच्या आसपास धरले, तर बेरीज ८५ होते. त्याच लेव्हलच्या योद्ध्याचे वीस-बावीस असतात. हा हिशेब पाहून कोणीही हुरळून जाईल. पण ही चैन फार टिकत नाही. पाचव्या लेव्हलला योद्ध्याला दुसरा वार मिळतो, अस्वल मात्र तेच राहते. सहाव्या लेव्हलला चॅलेंज रेटिंग २ पर्यंतचे प्राणी खुले होतात खरे, पण तोवर समोरचे शत्रूही वाढलेले असतात. दहाव्या लेव्हलला पृथ्वी, अग्नी, वायू, जल या तत्त्वांची रूपे मिळाली की ही शाखा पुन्हा डोके वर काढते. तुमची मोहीम तिथवर जातच नाही, तेव्हा तुमच्या वाट्याला तिचा चढ आणि उतार येईल, दुसरा चढ येणार नाही.

मात्र तुम्ही वर्णन केलेल्या शहरात अस्वलाचे काम ते काय? वाड्याच्या दिंडीदरवाजातून अस्वल आत आले की दहा पहारेकरी धावून येतील. तिथे उपयोगी पडणार ते मांजर, जे कौलांवरून माजघरापर्यंत जाऊन तासभर बोलणे ऐकत बसले तरी कोणी हटकणार नाही. ही रूपे दुसऱ्या लेव्हललाच, कोणत्याही शाखेच्या ड्रुइडला मिळतात. इथे नियमातला एक बारकावा लक्षात घ्या : पोहण्याचा वेग असलेले प्राणी चौथ्या लेव्हलला आणि उडणारे आठव्या लेव्हलला खुले होतात, आणि मून शाखेलाही यातून सूट नाही. म्हणजे कात्रजच्या नळातला मासा चौथ्या लेव्हलपर्यंत लांबणीवर, आणि घार तर मोहिमेच्या शेवटच्या अंकात. चौथ्या लेव्हलचा ड्रुइड एका रूपात दोन तास राहू शकतो. नळात शिरण्यापूर्वी तो किती लांब आहे याची चौकशी मात्र करा, कारण अरुंद जागेत भर पाण्यात मूळ देह परत मिळणे हे कोणत्याही शत्रूपेक्षा घातक आहे.

टेहळणी एवढाच हेतू असेल तर विझार्डकडे पहिल्या लेव्हललाच त्याची सोय आहे, हे तुमच्या मित्रांनी सांगितलेले दिसत नाही. ‘फाइंड फॅमिलियर’ या मंत्राने मांजर, उंदीर किंवा घुबडाच्या रूपातला एक आत्मा दिमतीला येतो आणि शंभर फुटांच्या आत असेपर्यंत त्याच्या डोळ्यांनी पाहता व कानांनी ऐकता येते. तो मारला गेला तर १० सुवर्णनाण्यांच्या साहित्याची राख होते, पण तुमचा जीव शाबूत राहतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे इथेही खरे असल्यामुळे पहिल्या लेव्हलला ती दहा नाणी जपून ठेवा.

माझा कौल असा आहे. अंगाने प्राणी होण्याचीच हौस असेल तर ड्रुइड घ्या, आणि तोही मून शाखेचा नव्हे, ‘सर्कल ऑफ द लँड’चा; कारण त्याला अस्वलाच्या मोबदल्यात जास्तीचे मंत्र मिळतात आणि मांजर तर दोघांचे सारखेच. पण दरबार, वाडे आणि कारस्थाने असलेल्या मोहिमेत मला स्वतःला विझार्डच अधिक आवडेल, मात्र प्राणी न होता माणसे होणारा. पहिल्या लेव्हलला ‘डिसगाइज सेल्फ’ मिळतो. तो नुसता दृष्टिभ्रम असल्याने कोणी पगडीला हात लावला की उघडा पडतो. तिसऱ्या लेव्हलला ‘ऑल्टर सेल्फ’ मिळतो आणि तिथे चेहरा, आवाज, बांधा खरोखर बदलतो, किंवा हवे तर पाण्यात श्वास घेता येतो आणि पोहताही येते. आकारमान बदलत नाही, त्यामुळे नळ माणूस जाईल एवढा रुंद हवा. यातला मोठा लाभ हा की या रूपात वाचा आणि मंत्र दोन्ही तुमच्याजवळ राहतात. मारीचाने सोन्याच्या हरणाचे रूप घेतले ते कोणाला शिंगे मारण्यासाठी नव्हते. मोहात पाडून दूर नेण्यासाठी आणि अखेरच्या क्षणी रामाच्या आवाजात हाक मारण्यासाठी होते. ती हाक त्याला मारता आली नसती, तर पुढचे सगळेच अडले असते. पॉलिमॉर्फ केलेल्या हरणाला नियमाप्रमाणे ती मारता येत नाही.

प्रश्न : मी संगणकावर ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा जुना खेळ नव्याने खेळत आहे. माझे पात्र जादूगार असून सातव्या लेव्हलला पोहोचले आहे. कथेतली सोबतीण मॉरिगन शिकवते ते शेपशिफ्टर (रूप पालटणारा) हे स्पेशलायझेशन, म्हणजे खास शाखा, घ्यावे का? — एक वाचक, औंध

उत्तर : घेऊ नये. बायोवेअरच्या २००९ सालच्या या खेळात जादूगाराला सातव्या आणि चौदाव्या लेव्हलला मिळून दोनच स्पेशलायझेशन घेता येतात आणि पर्याय चार आहेत. स्पिरिट हीलर सगळ्या मंडळींना एकदम बरे करतो. ब्लड मेज ‘माना’ या जादूच्या साठ्याऐवजी स्वतःच्या रक्तावर मंत्र चालवतो. आर्केन वॉरियरचे जादूचे मूल्यच ताकद म्हणून धरले जात असल्याने तो जड चिलखत घालून उभा राहू शकतो. या तिघांपैकी प्रत्येक जण जादूगाराच्या बळात भर घालतो. चौथा, शेपशिफ्टर, मात्र त्याची जादू बाजूला ठेवायला लावतो : कोळी, अस्वल किंवा किड्यांचा थवा झालेल्या पात्राला मंत्र म्हणता येत नाहीत.

या खेळात चार जणांचे पथक असते आणि त्यात अस्वलाचे काम करायला ढाल-तलवारवाला एक जण बहुधा असतोच. ‘कोन ऑफ कोल्ड’ टाकून पाच शत्रूंना जागच्या जागी गोठवणे मात्र त्या तलवारवाल्याला जमणार नाही. म्हणजे ज्याला पर्याय नाही असे काम सोडून, ज्याला पर्याय आहे असे काम जादूगार पत्करतो. शिवाय ही चार कौशल्यांची साखळी पुरी करायला चार गुण लागतात, आणि साधारणपणे लेव्हलमागे एकच गुण मिळत असल्याने चार लेव्हलचे मंत्र तिथे खर्ची पडतात. शेवटचे कौशल्य घेतल्यावर अस्वल आणि कोळी बरेच दणकट होतात, हे खरे आहे. पण तोवर दुसऱ्या मार्गाने गेलेला जादूगार कुठल्या कुठे पोहोचलेला असतो.

थव्याबद्दल एक चांगला शब्द लिहायला हवा. त्या रूपात बसणारा मार प्राणशक्तीतून न जाता ‘माना’तून जातो, त्यामुळे ‘माना’चा साठा मोठा असलेले पात्र अडचणीच्या जागी बराच काळ तग धरते. कल्पना म्हणून ती मला तिन्हींत सरस वाटते आणि बाकीची रूपेही अशाच एखाद्या वेगळ्या नियमावर बेतली असती, तर माझे उत्तर बदलले असते.

कथेत रूपांतराला जे वजन आहे, ते लढाईच्या गणितात उतरलेले नाही, ही या खेळाची उणीवच म्हणायची. ते पाहण्याची हौस असेल तर मॉरिगनकडे हे स्पेशलायझेशन पहिल्यापासून असतेच. चार गुण तिचे खर्च करा, आपले नको. याच प्रकारच्या नव्या खेळांत, उदाहरणार्थ २०२३ सालच्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये, मांजर झालेला ड्रुइड भिंतीतल्या भगदाडातून आत जातो, म्हणजे जे काम मंडळातल्या धिप्पाड योद्ध्याला करताच येत नाही ते करतो. ओरिजिन्समधल्या या स्पेशलायझेशनच्या रूपांना लढाईबाहेर असे कोणतेही काम दिलेले नाही.

प्रश्न : आमच्याकडे २००३ सालच्या, म्हणजे साडेतीनाव्या आवृत्तीच्या पुस्तकांवर खेळ चालतो आणि मी डीएम आहे. एका खेळाडूचा विझार्ड आता दर लढाईत पॉलिमॉर्फ करून नवनवे राक्षस होतो. प्रत्येक वेळी सगळे आकडे मांडण्यात वेळ जातो आणि बाकीचे कंटाळतात. त्याला मनाई करावी का? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मनाई करू नका, यादी मागा. त्या आवृत्तीतला हा मंत्र कोणा एका खेळाडूच्या चलाखीमुळे नव्हे, तर त्याच्या रचनेमुळेच डोईजड आहे. तो घेणाऱ्याला प्राण्याची ताकद, चपळाई आणि काटकपणा ही मूल्ये थेट मिळतात, नैसर्गिक चिलखत मिळते आणि बुद्धी मात्र स्वतःचीच राहते. मंत्रात रूपांची ठरावीक यादी नसून राक्षसांची सगळी पुस्तके हीच त्याची यादी आहे, त्यामुळे नवे पुस्तक निघाले की मंत्राचे सामर्थ्य आपोआप वाढते आणि तो बेतणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. ड्रुइडच्या बाबतीत तर सहाव्या लेव्हलला ‘नॅचरल स्पेल’ हे कौशल्य घेतले की प्राण्याच्या रूपातच मंत्रही म्हणता येतात. मी वर ज्याला रूपांतराची किंमत म्हटले, ती तिथे माफच करून टाकली आहे. इतके दिल्यावर खेळाडू ते घेणार नाही, अशी अपेक्षा तरी कशी करावी?

त्याच नियमांवर उभा राहिलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ २००९ साली आला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी या एका मंत्राचे तुकडे केले. प्राण्यांसाठी ‘बीस्ट शेप’ची चढती मालिका, तत्त्वांसाठी वेगळी, ड्रॅगनसाठी वेगळी; आणि राक्षसाची मूल्ये उचलण्याऐवजी आकारमानानुसार ताकदीत किंवा चपळाईत ठरावीक वाढ. मला हा उपाय शहाणपणाचा वाटतो. त्यात गंमत थोडी कमी होते, हे मान्य आहे, पण तुमच्या मेजावरचा खोळंबाही त्यानेच संपेल.

नियम बदलण्याची तुमच्या मंडळींची तयारी नसेल, तर त्या खेळाडूला सांगा की त्याच्या विझार्डने प्रत्यक्ष पाहिलेली चार रूपे त्याने निवडावीत आणि प्रत्येकाचे सगळे आकडे घरून कागदावर लिहून आणावेत. जे लिहून आणलेले नाही, ते त्या दिवशी होता येणार नाही. पाचवे रूप हवे असेल तर आधीच्या चारांतले एक सोडावे. नव्या, २०२४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांत ड्रुइडवर जवळपास असेच बंधन आहे : त्याला सुरुवातीला चारच रूपे येतात आणि ती संख्या पुढे आठापर्यंत वाढते. त्याच नियमांत रूप घेतल्यावर मिळणारे हिट पॉइंटही प्राण्याचे न राहता ड्रुइडच्या लेव्हलइतके तात्पुरते झाले आहेत, मून शाखेला त्याच्या तिप्पट. कर्वेनगरच्या वाचकांसाठी वर मांडलेली पंचाऐंशीची बेरीज तिथे जुळणार नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

प्रश्न : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकावरच्या खेळात माझा मेज, म्हणजे जादूगार, शत्रूची मेंढी करतो. मेजावरच्या खेळातही शत्रूलाच प्राणी करणे, हे स्वतः रूप पालटण्यापेक्षा फायद्याचे नाही का? — एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : पुष्कळदा असते. चार शत्रूंतला सर्वांत दांडगा शत्रू काही काळ बाजूला काढला की उरलेली लढाई निम्म्यावर येते आणि त्यात तुमचे काहीच सुटत नाही, एक मंत्र आणि लक्ष तेवढे गुंतते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मात्र नको असलेल्या रूपाविरुद्ध शत्रूला फासा टाकून बचाव करता येतो आणि तो शहाणपणाच्या मूल्यावर असतो, म्हणून दगडी टाळक्याचा राक्षस निवडा, धर्मगुरू नव्हे. जो स्वभावतःच रूप पालटणारा आहे, त्याच्यावर २०१४ च्या नियमांत हा मंत्र चालतच नाही.

दोन्ही खेळांत एक धोका सामाईक आहे. वॉरक्राफ्टमधली मेंढी कोणत्याही फटक्याने मूळ रूपात येते, आणि मेंढी असताना तिच्या जखमाही भराभर भरून निघतात, त्यामुळे अर्धा मारलेला शत्रू मेंढी करणे बहुधा आतबट्ट्याचे ठरते. मेजावर बोकड केलात तर त्याचे हिट पॉइंट अवघे चार. मंडळातल्या एखाद्या उतावळ्याने बाण सोडला की बोकड जाऊन राक्षस धडधाकट परत. तेव्हा मंत्र म्हणण्यापूर्वी सगळ्यांकडून कबूल करून घ्या की बाकीचे शत्रू संपेपर्यंत बोकडाला कोणी हात लावणार नाही, आणि ज्याच्या नावावर आगीचे मंत्र आहेत, त्याच्याकडून दोनदा कबूल करून घ्या.